उघडी माहिती आणि मिटलेले डोळे

सरकारानें झांकून ठेविलेल्या माहितीबद्दल ओरड करण्याचा आपल्या लोकांस चांगलाच सराव झाला आहे, व ती ओरड पुष्कळ वेळां रास्तहि असते. परंतु जी माहिती कोणींच झांकलेली नाहीं, ती वेचून, ताडून तिचा अर्थ लावणारे किती, असा प्रश्न नांदगांव खंडेश्वर तालुक्यापुरता जरी विचारला, तरी समाधानकारक उत्तर मिळेल असें आम्हांस वाटत नाहीं.

वऱ्हाडास हा विषय नवा नाहीं. 1853 सालीं हा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखालीं गेला, आणि पुढें येथील जमीन, पाऊस व कापूस यांची मोजदाद त्यांनीं नेटानें केली. 1870 सालीं लायलसाहेबांनीं सिद्ध केलेलें वऱ्हाडचें गॅझेटियर छापून निघालें. त्याच सालीं खामगांवास आगगाडीचा फांटा पोंचला. ज्यास वाचतां येत होतें त्यानें तें सर्व वाचिलें, व आपला सौदा केला. ज्याच्या शेतांत कापूस उभा होता त्यास मात्र भाव कळे तो अडत्याच्या तोंडून, गाडी बाजारांत सुटल्यावर! पुढें 1886 सालीं कारंजास नियंत्रित बाजार झाला, 1897 सालीं कापूस व धान्य बाजारांचा कायदा आला. मापांस शिस्त आली हें खरें. पण आंकडे वाचण्याची संवय कायद्यानें लागत नाहीं.

आज काय स्थिति आहे? मंडळवार पाऊस, बाजारसमित्यांतील आवक व भाव, सातबारा, हें सर्व ज्याच्या हातांत मोबाईल आहे त्यास घरबसल्या पाहतां येतें. खरिपाची नजर पैसेवारी 30 सप्टेंबरला, सुधारित 31 ऑक्टोबरला व अंतिम 31 डिसेंबरला जाहीर होते. ती 50 पैशांच्या आंत आली तर सवलतींचा मार्ग मोकळा होतो. 2016 पासूनच्या पीकविमा योजनेंत भरपाई बहुतांशीं पीककापणी प्रयोगांच्या उत्पन्नावर ठरते. आतां, मंडळांत एका दिवसांत 65 मिलिमीटरांहून अधिक पाऊस कितीदां नोंदला गेला, बाजारांत सोयाबीनची आवक किती घटली, आणि त्याच गांवाची पैसेवारी किती लागली, हे तीन कागद शेजारीं शेजारीं ठेवावे. ते जुळत नसतील, तर तहसिलीच्या दारांत घोषणा देण्यापूर्वींच अर्धें काम झालें! अमुक गांवचें पीक बुडालें असें शंभर जणांनीं म्हटल्यानें जें होत नाहीं, तें सरकारच्याच दोन नोंदी एकमेकींवर घातल्यानें होतें. कारण तेथें नाकबूल करावयास जागा उरत नाहीं.

जो कागद जाहीर नाहीं, त्यासाठीं 2005 चा माहिती अधिकार कायदा आहे. अर्ज मराठींत, शुल्क दहा रुपये, मुदत तीस दिवसांची. पण जें आधींच प्रसिद्ध आहे तें न वाचतां अर्ज ठोकणें हा आळसाचाच एक प्रकार होय.

एक पथ्य मात्र कटाक्षानें पाळिलें पाहिजे. सातबारा उघडा आहे म्हणून शेजाऱ्याच्या बोज्याची चावडीवर चर्चा करणें, किंवा विधवेच्या वारसनोंदीवर भाऊबंदांनीं टपून बसणें, ही माहितीची जोपासना नव्हे. ती चहाडी आहे. व्हाट्सॅपवर आलेली भावाची आवई तर मूळ पत्रकाशीं ताडल्यावांचून कोणींहि पुढें धाडूं नये.

आमची सूचना एवढीच कीं, तालुक्यांतील वाचनालयांनीं व शिकलेल्या तरुण-तरुणींनीं जून महिन्यापासून आपापल्या मंडळाचा पाऊस व बाजाराचा भाव रोज एका वहींत उतरून फळ्यावर लिहावा, पीककापणी प्रयोग कोणत्या शेतांत व कोणत्या दिवशीं आहे हें आधीं विचारून तेथें हजर राहावें, आणि 30 सप्टेंबरची पैसेवारी लागतांच ती वही घेऊन तहसीलदारांकडे जावें.