चिकोत्रा आपली, तर बरगेही आपलेच

कागल तालुक्यात पाण्याचा विषय निघाला की दूधगंगा-वेदगंगेचं कौतुक होतं. काळम्मावाडी आणि पाटगावच्या धरणांनी त्या दोघींचा काठ उसानं भरून टाकला. चिकोत्रा नदीचं नाव मात्र उन्हाळ्यात, तेही कुरकुर करतच निघतं. तिच्यावरच्या झुलपेवाडीच्या धरणाचं पाणलोट क्षेत्र लहान, त्यामुळे ते दरवर्षी भरेलच याची खात्री नाही. म्हणजे सेनापती कापशीच्या पट्ट्यात धरणाच्या भरवशावर बसून भागत नाही. पडलेला पाऊस आपल्याच माळावर, आपल्याच ओढ्यात अडवायला हवा.

अडवायची सोय नाही असंही नाही. आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या नावानं देशभर ओळखला जाणारा बंधारा घ्या. पावसाळा सरला की दोन खांबांमधल्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, बसवायचे, फटी बुजवायच्या आणि पाणी तुंबवायचं. पुढच्या पावसाआधी ते काढून ठेवायचे. यंत्र नाही, वीज नाही. पण एखाद्या बंधाऱ्यावर डिसेंबरात जाऊन उभे राहा. वाकलेला बरगा खाचेत नीट बसलेला नसतो, खालच्या फटीतून धार लागलेली असते. रात्रंदिवस वाहणारी ही धार सगळं गाव बघतं आणि म्हणतं, "खात्याचं काम आहे." माळावरच्या समतल चरांची गत तीच. खोदताना फोटो निघाले, पुढं गाळानं भरले. गाळ काढणार कोण, हे खोदण्याआधी ठरलंच नव्हतं.

माझं मत स्पष्ट आहे: पैशापेक्षा मालकीची भावना कमी पडते. आणि ती भावना येते पाण्याच्या वाटणीत हिस्सा मिळाला की. पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी 1974 च्या सुमारास पाणी पंचायतीचं काम सुरू केलं. तिथं पाणी जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर मोजलं, भूमिहीनालाही वाटा दिला आणि ऊस वर्ज्य ठेवला. (हे शेवटचं कागलात मोठ्यानं बोलायला धाडस लागतं, ठाऊक आहे.) चिकोत्रा खोऱ्यातही समन्यायी वाटपाची मागणी उठली होतीच. ज्याला थेंबाचा हक्क नाही, त्यानं माळावर कुदळ का मारावी?

कायदाही आडवा येत नाही. 2005 च्या कायद्यानुसार लाभक्षेत्रातले शेतकरी पाणीवापर संस्था काढून मोजून पाणी घेऊ शकतात आणि ते आपसांत वाटू शकतात. आणि वारसा तर घरचाच: राजर्षी शाहू महाराज कागलच्या घाटगे घराण्यातले. राधानगरीच्या धरणाचं काम त्यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हाती घेतलं. त्यांच्या जयंतीला हार घालणाऱ्या हातांनी एक बरगा उचलायला काय हरकत आहे?

तेव्हा मंडळी, येत्या 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा विषय लेखी मांडा. बरगे किती, चांगले किती, याची मोजणी त्याआधीच करा. या कामासाठी समिती नेमा; तीत ओढ्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूचे शेतकरी घ्या, भूमिहीन घ्या. हंडा वाहणाऱ्या बायकांना तर आधी घ्या, कारण कुठली विहीर कधी आटते हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. बंधाऱ्याची फट आणि चरांचा गाळ, दोन्हींची जबाबदारी नावानिशी वाटून द्या, आणि ठराव इतिवृत्तात लिहिल्याशिवाय सभेतून उठू नका.