यंत्राला तासभर चालू द्या

राज्यातल्या मायक्रोकंट्रोलर डिझाइन स्पर्धांच्या आयोजकांना आणि परीक्षकांना,



मी जत तालुक्यातला प्राथमिक शिक्षक. इलेक्ट्रॉनिक्स हा माझा वीस वर्षांचा छंद. 8051 वर शिकलो, आता एटीमेगा 328 वापरतो. गेल्या वर्षी पहिल्यांदाच अशा एका स्पर्धेत उतरलो. नंबर आला नाही, त्याचं दुःख नाही. माझं यंत्र कोणी चालवूनच पाहिलं नाही, म्हणून हे पत्र.

आमच्याकडे शेतीची लाइट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रभर जागत बसायला नको म्हणून स्टार्टरला ‘ऑटो’ लावलेला असतो. लाइट आली की मोटार आपोआप सुरू. पण बोअरचं पाणी संपलं तरी ती फिरतच राहते. सबमर्सिबल मोटार भोवतीच्या पाण्यानेच थंड राहते, त्यामुळे कोरडी फिरली की जळते. मग ती शेकडो फुटांवरून वर काढायची, रिवाइंडिंगला न्यायची आणि तोवर डाळिंबाची बाग सुकताना बघत बसायचं. धाकट्या भावाची मोटार अशी दोनदा जळाली.

बाजारात ड्राय रन रिले मिळतात, पण साधे रिले नुसता करंट बघतात. इंडक्शन मोटारीवरचा भार गेला तरी चुंबकीय क्षेत्रासाठी लागणारा करंट ती घेतच राहते. त्यात रात्रीचं व्होल्टेज वेगळं, दिवसाचं वेगळं. खरा फरक पडतो तो व्होल्टेज आणि करंट यांच्यातल्या कोनात, आणि माझं यंत्र तोच मोजून कोरडी मोटार बंद करतं. पॉवर फॅक्टर 0.8 असताना करंट सुमारे 2 मिलिसेकंद मागे असतो, तो 0.5 वर उतरला की 3.3 मिलिसेकंद. 16 मेगाहर्ट्झच्या चिपचा टायमर एका मिलिसेकंदात 16,000 पर्यंत मोजतो, म्हणजे हा फरक तिच्या नजरेतून सुटणं अशक्य. एवढं सगळं टेबलावर दोन रविवारांत जमलं.

पुढचे चार महिने एकाच दुखण्यात गेले. कॉन्टॅक्टर पडला की चिप रीसेट व्हायची. कॉइलचा पुरवठा तुटताना उसळणारा व्होल्टेजचा झटका तिच्यापर्यंत पोचत होता. रीसेट झालेला प्रोग्राम पहिल्यापासून सुरू व्हायचा आणि कोरडी मोटार पुन्हा चालू करायचा. म्हणजे मोटार वाचवण्यासाठी केलेलं यंत्रच तिला जाळणार! कॉइलला समांतर रेझिस्टर आणि कपॅसिटर लावला, चिपचा पुरवठा वेगळा केला, रिलेच्या वायरी दूर नेल्या. शेवटी, मोटार बंद करण्याआधी बंद करण्याचं कारण ईईप्रॉममध्ये लिहून ठेवायचं, म्हणजे रीसेट झाला तरी प्रोग्राम आधी ते वाचेल, अशी सोय केली. तेव्हा कुठे भरवसा आला.

स्पर्धेने मागितला तीन मिनिटांचा व्हिडिओ आणि दहा स्लाइड. सर्किट मागितलं नाही, प्रोग्रामही नाही. माझ्या व्हिडिओत एक डबा आणि एक हिरवा दिवा दिसतो. ते चार महिने त्यात कुठेच दिसत नाहीत आणि डिझाइन म्हणतात ते नेमकं तेच आहे.

प्रवेशिका पुष्कळ येतात, परीक्षकांना वेळ कमी असतो, हे मला समजतं. म्हणून पहिली चाळणी कागदावरच करा, पण सर्किट आणि प्रोग्राम वाचून. मग निवडलेली दहा यंत्रं टेबलावर मांडा आणि तासभर चालू द्या. त्याच सप्लायवर एक कॉन्टॅक्टर लावून तो पन्नास वेळा पाडा. मध्येच लाइट घालवा. सेन्सरची वायर उपटा आणि यंत्र काय करतं ते बघा. ज्याने मनापासून काम केलंय तो याला घाबरणार नाही.

आणखी एक. अर्जात कॉलेजचं नाव भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. फोन केला तर ‘शाळेचं नाव टाका’ असं उत्तर मिळालं. मी टाकलं. पण आमच्या गावातल्या रिवाइंडिंगवाल्याने काय टाकायचं? मोटारी का जळतात हे त्याच्याइतकं जाणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. तो रकाना काढा. टिपण मराठीत लिहायची मुभा द्या. आणि ज्यांना बाद केलं त्यांना कारणाच्या दोन ओळी तरी कळवा. त्या दोन ओळींसाठी मी पुन्हा वर्षभर राबेन.

प्रवेशिका निकालानंतर खुल्याही करा. 2014 साली पहिलं हॅकॅडे प्राइज अथेन्सच्या हॅकरस्पेसमधल्या मंडळींच्या ‘सॅटनॉग्स’ला मिळालं. उपग्रहांचे संदेश टिपणारं ते ग्राउंड स्टेशन. त्याचं डिझाइन खुलं होतं, म्हणून देशोदेशीच्या हौशी लोकांनी तशी स्टेशनं उभारली. आपल्या स्पर्धांमधली चांगली सर्किटं मात्र निकालाच्या दिवशीच संपतात. माझं सर्किट आणि प्रोग्राम हवा त्याला मी देईन.

पुढच्या स्पर्धेची नियमावली छापण्याआधी एवढा विचार करा. मी यंत्र घेऊन येतो. कॉन्टॅक्टर तुम्ही आणा.

आपला,
जत तालुक्यातला एक स्पर्धक