फावल्या वेळचे छंद : तगरीवरची अळी

आषाढाचा पाऊस लागला कीं कोल्हापुरांतल्या जुन्या घरांच्या परसांत तगर अंगानें भरते, आणि देवपूजेकरितां फुलें काढावयास गेलेल्या घरच्या मंडळींपैकीं कोणी तरी एके सकाळीं मोठ्यानें ओरडतें. आमच्या घरीं हा मान बहुधा मुलांच्या धाकट्या काकूंचा असतो. पानांच्या गर्दींत बोटाएवढी जाड व पानांसारखीच हिरवी अशी एक अळी निवांत बसलेली असते. फांदीला धक्का लागतांच ती आपलें डोकें आंत ओढून घेते, मान फुगविते, आणि मानेवरचे काळ्या कडांचे दोन निळसर डोळे वटारल्यासारखे पुढें येतात. हे डोळे खोटे आहेत. खरे डोळे डोक्याच्या बाजूंस असून मोहरीहूनही बारीक असतात. परंतु पाखरांना जें सोंग खरें वाटतें, तें काकूंना खोटें वाटावें अशी अपेक्षा कशी करावी? फुलांची परडी खालीं पडते, मुलें धांवत येतात, आणि आमच्या मातोश्रींचा हुकूम सुटतो, "ती फांदी तोडून भिंतीपलीकडे टाका."

गेल्या महिन्यांत आम्ही या सदरांत पोस्टाच्या जुन्या तिकिटांविषयीं लिहिलें होतें. त्यावर एका वाचकभगिनीनें कळविलें आहे कीं, तिकिटें जमविण्यास पैसा लागतो आणि पत्रें तर आतां कोणी पाठवीत नाहीं. तेव्हां पावसाळ्यांत घरांत कोंडलेल्या मुलांना गुंतवून ठेवील, खर्चाचा नसेल आणि ज्यांतून कांहीं ज्ञानही होईल, असा एखादा छंद सुचवावा. त्यांना आमचें उत्तर हेंच कीं, ती फांदी भिंतीपलीकडे टाकूं नये.

ही अळी म्हणजे एका मोठ्या पतंगाचें बाल्यरूप होय. या पतंगाचे पंख लांबट व निमुळते असून उडण्याचा वेग मोठा असतो, म्हणून इंग्रजींत त्याच्या कुळास ससाण्याचें नांव दिलेलें आहे. तगर, कण्हेर आणि सदाफुली हीं या अळीचीं आवडतीं झाडें. कण्हेरीचा चीक माणसास व गुरांस विषारी, पण ही अळी तींच पानें खाऊन पोसते. लिनीअस या स्वीडिश शास्त्रज्ञानें १७५८ सालीं या जातीला जें नांव दिलें, त्यांतील 'नेरी' हा शब्द कण्हेरीच्या लॅटिन नांवावरूनच घेतलेला आहे.

आपल्या वाङ्मयांत पतंगाला एकच काम नेमून दिलेलें आहे. तें म्हणजे दिव्यावर झेंप घेऊन जळून जाणें. प्रेमाचें किंवा मोहाचें हें उदाहरण आपण लहानपणापासून ऐकत आलों. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत मात्र दिव्याभोंवतींच्या कीटकांचीं अतिजलद कॅमेऱ्यानें चित्रें घेऊन असें दाखविलें गेलें कीं, हे जीव दिव्याकडे ओढले जात नसून त्याच्याकडे पाठ करून उडूं पाहतात. रात्रींच्या अंधारांत वरची बाजू, म्हणजे आकाश, हीच काय ती उजळ. तिकडे पाठ ठेवली कीं आपण सरळ उडत आहों हें त्यांना कळतें. दिवा जवळ आला म्हणजे हा हिशेब चुकतो, आणि बिचारे घिरट्या घालीत अडकून पडतात. भारतांत पतंगांच्या दहा हजारांवर जाती आहेत, तर दिवसां उडणाऱ्या फुलपांखरांच्या तेराशेंच्या आसपास. इतक्या मोठ्या समाजाविषयीं आपल्याला एक काव्यकल्पना तेवढी ठाऊक असावी, आणि तीही चुकीची, हें सुशिक्षित घरांना भूषणावह नाहीं.

आतां पाळण्याची रीत सांगतों. अळी हातांत न धरतां फांदीसह घरांत आणावी. लहान तोंडाच्या बाटलींत पाणी घालून तींत फांदी उभी करावी, आणि बाटलीचें तोंड कापसानें बंद करावें. नाहीं तर अळी देंठावरून खालीं उतरते व पाण्यांत बुडून मरते. पानें रोज ताजीं द्यावींत, औषध फवारलेलीं देऊं नयेत. तळाशीं पडलेल्या लेंड्या रोज काढाव्या, कारण पावसाळी हवेंत त्यांवर बुरशी चढण्यास एक दिवस पुरतो. पानें तोडणाऱ्यानें, विशेषतः कण्हेरीचीं, हात साबणानें धुवावे. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे मुलांच्या हातीं एक वही द्यावी. अळी कोणत्या झाडावर सांपडली, कोणत्या तारखेस, किती लांबीची होती, कात केव्हां टाकली, हें रोज निजण्यापूर्वीं लिहवून घ्यावें. अळीपणीं ती चार वेळां कात टाकते, आणि दोन-तीन आठवड्यांत सात-आठ सेंटिमीटरपर्यंत वाढते. केसाळ सुरवंटांना मात्र हात लावूं देऊं नये. त्यांच्या केसांनीं अंगाला आग होते. कांहीं अळ्यांतून पतंगाऐवजीं माशा किंवा लहान गांधिलमाश्यांसारखे कीटक बाहेर येतात. त्यांनीं आपलीं अंडीं अळीच्या अंगांत आधींच घातलेलीं असतात. मुलें हिरमुसतात, पण वहींत हेंही लिहावयाचें असतें.

एके दिवशीं ही हिरवी अळी पाठीवर काळपट तपकिरी होते, खाणें सोडते आणि अस्वस्थपणें फिरूं लागते. नवख्या माणसास वाटतें, ती आजारी पडली. वस्तुतः ती कोश करण्यास जागा शोधीत असते. पेटींत तीन-चार बोटें कोरडी माती व वर वाळका पाचोळा घालावा. ती पानें सैलसर बांधून त्यांत कोश करते. मग साधारण दोन आठवडे वाट पाहावयाची.

येथें आमची एक चूक सांगणें प्राप्त आहे. आठ वर्षांपूर्वीं आमच्या पुतण्यानें, तेव्हां तो दहा वर्षांचा होता, आपली पहिली अळी अशा रीतीनें वाढविली. कोश झाल्यावर तो सुरक्षित राहावा म्हणून आम्हीं तो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत ठेविला. डबा चार बोटें उंचीचा, भिंती गुळगुळीत. पतंग कोशांतून बाहेर पडतो तेव्हां त्याचे पंख ओल्या चुरगळलेल्या चिंध्यांसारखे असतात. तो तांतडीनें कशावर तरी चढून लोंबकळतो, अंगांतला द्रव पंखांच्या शिरांत सोडतो, आणि मग पंख उलगडून ताठ होतात. त्या वेळीं लोंबावयास जागा मिळाली नाहीं तर ते आहेत तसेच वाळतात व पुढें कधींही उलगडत नाहींत. पतंग रात्रींच केव्हां तरी निघाला होता. सकाळीं डबा उघडला, तेव्हां हिरव्या-गुलाबी नक्षीचा तो देखणा जीव तळाशीं चालत होता, आणि त्याच्या पाठीवर पंखांचे दोन गोळे होते. पुतण्यानें विचारलें, "काका, उद्यां सरळ होतील ना?" उत्तर आम्हांस ठाऊक होतें, पण तें देण्यास वेळ लागला.

मातोश्रींनीं आम्हांस दोष दिला नाहीं. त्यांनीं तो पतंग तगरीच्या खालच्या फांदीवर नेऊन ठेविला, आणि कावळ्यांनीं टिपूं नये म्हणून वर दुरडी झांकली. तीन दिवस त्या सकाळ-संध्याकाळ दुरडी उचलून पाहत. चवथ्या दिवशीं तो मेलेला आढळला. तेव्हां त्या इतकेंच म्हणाल्या, "आणायचें तर त्याच्या मापाचें घर द्यावें रे, नाहीं तर झाडावरच राहूं द्यावें." तेव्हांपासून आमची पेटी हातभर उंच असते. तीन बाजूंस जाळी, आंत खडबडीत सालीच्या काटक्या. डबा आम्हीं पुन्हां वापरला नाहीं.

हें पाळण्याचें शास्त्र आपल्याच बाजूच्या किनाऱ्यावर वाढलें, आणि तेंही नोकरदार माणसांच्या फावल्या वेळांत. मुंबईची निसर्गेतिहास संस्था १८८३ सालीं स्थापन झाली. त्यानंतर थोड्याच वर्षांत कारवारास मीठ-जकात खात्यांतील एटकिन, मुलकी खात्यांतील डेव्हिडसन आणि जंगलखात्यांतील टॉमस बेल असे तीन गृहस्थ अळ्या गोळा करून घरीं वाढवूं लागले. उत्तर कानड्यांतील फुलपांखरांवर त्या तिघांची लेखमाला संस्थेच्या नियतकालिकांत आली. हिंदुस्थानांतील पतंगांवर हॅम्पसनचे चार मोठे खंड १८९२ ते १८९६ या काळांत निघाले होते, पण ते मुख्यत्वें वाळविलेल्या नमुन्यांवरून लिहिलेले. बेल व स्कॉट यांनीं १९३७ सालीं याच ससाणा-कुळावर जो ग्रंथ सिद्ध केला, त्यांत पतंगांबरोबर त्यांच्या अळ्या, कोश आणि खाण्याचीं झाडें यांचीही माहिती आली. कारण ती घरीं वाढवून मिळविलेली होती. बेल नोकरी संपल्यावरही कारवारांतच राहिले व १९४८ सालीं तेथेंच वारले. टाचणीला लावलेला पतंग आपलें रूप सांगतो. तो काय खाऊन वाढला आणि किती दिवस झोंपला, हें पाळणाराच सांगूं शकतो.

आतां टाचणीचा प्रश्न. सुशिक्षित असलों तरी आपलीं घरें मुंगीला साखर घालणारीं. विषारी वाफेच्या बरणींत जीव कोंडून मारावयाचा आणि पेटींत सजवावयाचा, यास मातोश्रींचा सक्त विरोध. त्यावर आमच्या थोरल्या चिरंजीवांनीं एकदां विचारलें, "आजी, देवघरांतला रेशमी मुकटा कशाचा?" प्रश्न उद्धट होता, पण खोटा नव्हता. विदर्भांत गडचिरोली-भंडाऱ्याकडे ऐन व अर्जुन यांच्या झाडांवर टसरच्या अळ्या पोसतात. त्यांचे कोसे काढून, धागा अखंड मिळावा म्हणून आंतला जीव उष्णतेनें मारतात आणि मग कोसे उकळतात. तुतीच्या रेशमाचीही रीत तीच. सोवळ्याच्या एका वस्त्रांत असे कितीतरी पतंग निमालेले असतात. मातोश्री बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तर मग दोन्हीकडे हात आंखडता घ्यावा." दुसऱ्या महिन्यापासून पूजेस धूतवस्त्र आलें, आणि पेटीचा नियमही ठरला: जो आपल्या मरणानें मेला, तोच पेटींत जाईल. शास्त्राच्या कामास यापेक्षां अधिक नमुने लागतात हें आम्ही नाकारीत नाहीं. तें काम संस्थांनीं करावें. घरच्या छंदाला दिव्याखालीं सकाळीं मेलेले सांपडतात तेवढे पुष्कळ होतात.

मेलेला पतंग वाळून कडक झाला असेल तर ओल्या वाळूच्या बंद डब्यांत एक-दोन दिवस ठेवून मऊ करावा. छातीच्या मधून टाचणी घालावी. ती शिवणकामाची नको, न गंजणारी हवी. आमच्या गांवच्या पावसांत साधी टाचणी एका मोसमांत तांबेरते. मधोमध खांच असलेल्या मऊ फळीवर पंख पसरून कागदाच्या पट्ट्यांनीं दाबावे आणि दोन-तीन आठवडे वाळूं द्यावे. पंखांना बोट लावूं नये. बोटाला लागणारी रंगीत पूड म्हणजेच त्यांचे खवले. पेटी घट्ट झांकणाची असावी. आंत डांबराची गोळी टांचून ठेवावी व ती लहान मुलांच्या हातीं लागूं देऊं नये. मुंग्यांकरितां पूर्वीं दुभत्याच्या कपाटाच्या पायांखालीं पाण्याच्या वाट्या ठेवीत, तीच युक्ति येथेंही चालते. प्रत्येक टाचणीला गांव, तारीख आणि झाड लिहिलेली चिठ्ठी हवीच. चिठ्ठी नसलेला पतंग म्हणजे केवळ शोभा.

रात्रींचा खेळ पाहावयाचा असेल तर गच्चीवर पांढरें धोतर ताणून पुढें दिवा लावावा, आणि तास-दोन तासांनीं आठवणीनें विझवावा, म्हणजे पाहुणे आपल्या वाटेला लागतील. २०१२ सालापासून जुलैच्या अखेरीस जगभर पतंगांचा आठवडा पाळतात. आपल्याकडे तेव्हां पाऊस भरांत असतो, हा चांगलाच योग आहे. वीतभराहून रुंद पंखांचा आणि तोंडानें कांहींही न खातां आठवडाभर जगणारा अ‍ॅटलस पतंग सह्याद्रीच्या ओल्या रानांत आढळतो. दाजीपुरास गेलां आणि तो दिसला तर डोळे भरून पाहावा, छायाचित्र घ्यावें आणि तेथेंच सोडावा. तें रान १९५८ पासून अभयारण्य आहे, आणि १९७२ च्या कायद्यानें तेथून परवानगीवांचून कांहींही उचलतां येत नाहीं.

आमच्या पेटींत आज एकतीस पतंग आहेत. पहिल्या जागेवर तोच चुरगळलेल्या पंखांचा आहे. त्याच्या चिठ्ठीवर गांव, तारीख, तगर, आणि पुतण्याच्या तेव्हांच्या अक्षरांत 'अरुंद डब्यांत निघाला' इतकें आहे. या वर्षींचे दोन परवां दिवेलागणीस निघाले. पंख ताठ झाल्यावर जाळी उघडली. एक जाईच्या मांडवावरून क्षणांत दिसेनासा झाला, दुसरा थोडा वेळ काकूंच्या पदरावर बसून मग गेला. काकू तगरीपाशीं ओरडतात अजूनही, पण आतां परडी हातांतून पडत नाहीं. ज्या वाचकांच्या घरीं यंदा अशी अळी सांपडेल, त्यांनीं झाड व तारीख लिहून आम्हांस अवश्य कळवावें.