भत्ता आणि बडगा

बेकार माणसाला राज्यसंस्थेने आधार द्यावा की नाही, हा प्रश्न ब्रिटनने १९११ साली राष्ट्रीय विमा कायदा करून तत्त्वतः सोडविला. तो आधार कोणत्या अटींवर द्यावा, हा प्रश्न मात्र शतक उलटून गेले तरी सुटलेला नाही. आपण 'खरोखरीच काम शोधीत आहोत' हे बेकाराने स्वतः सिद्ध केले पाहिजे, असा दंडक त्या देशाने १९२१ साली घातला आणि १९२४ साली त्याची व्याप्ती वाढविली. ज्या गावात काम देणारी खाण किंवा गिरणीच बंद पडली होती, तेथल्या माणसाने नसलेल्या कामाचा शोध घेतल्याचा पुरावा कोठून आणावा, याचे उत्तर त्या दंडकात नव्हते. लाखो अर्ज फेटाळले गेल्यानंतर १९३० साली ते कलम रद्द झाले. कलम गेले, पण त्यामागची संशयी दृष्टी गेली नाही. १९९५ च्या 'जॉबसीकर्स' कायद्यातून आणि २०१२ च्या 'वेल्फेअर रिफॉर्म' कायद्यातून ती नव्या वेषात परत आली. आज 'युनिव्हर्सल क्रेडिट' या नावाने तेथे जे साहाय्य मिळते, त्याच्या दारातच बेकाराला एक मुलाखत द्यावी लागते. त्या मुलाखतीचे मोल या पार्श्वभूमीवर ओळखले पाहिजे.

कागदपत्रे दाखविली, चार प्रश्नांची उत्तरे दिली की काम झाले, अशी या मुलाखतीविषयी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः ती एका कराराची बैठक असते. 'जॉबसेंटर' या सरकारी कार्यालयातील अधिकारी अर्जदाराशी बोलून त्याचा वचननामा तयार करतो. आठवड्यातून किती तास काम शोधावयाचे, कोणत्या प्रकारचे आणि किती अंतरावरचे काम स्वीकारावयाचे, कोणत्या दिवशी कार्यालयात हजर राहावयाचे, हे सारे त्यात लिहिले जाते. वचननामा मान्य केल्याखेरीज भत्ता सुरू होत नाही आणि पुढे त्यातील एखादे वचन सबळ कारणावाचून मोडले तर भत्ता कापला जातो. ही कपात मुलाखत घेणारा अधिकारी ठरवीत नाही. तो प्रकरण दुसऱ्या निर्णयाधिकाऱ्याकडे पाठवितो आणि त्याने अर्जदाराला बहुधा कधी पाहिलेलेही नसते. त्याच्यासमोर असतो तो कागद. पहिल्या दिवशी त्या कागदावर जे लिहिले गेले नाही, ते पुढे पटवून देणे फार अवघड जाते.

म्हणून या मुलाखतीची तयारी ही लाचारी नव्हे, तो शहाणपणा आहे. ओळखपत्र, बँक खात्याचा तपशील, राष्ट्रीय विमा क्रमांक, घरभाड्याचा करार हे तर हवेतच. त्याहून महत्त्वाची तयारी स्वतःच्या परिस्थितीची आहे. सर्वसाधारण अपेक्षा आठवड्यातून ३५ तास काम शोधण्याची असते. परंतु लहान मुलांचे संगोपन, घरातील आजाऱ्याची शुश्रूषा, स्वतःची दुखणी, या कारणांनी ही अपेक्षा कमी करता येते. मात्र ही कारणे अर्जदाराने बोलून दाखवावी लागतात आणि शक्य तेथे कागदाने दाखवावी लागतात. संकोचामुळे आजार लपविणारा आणि अधिकाऱ्यावर छाप पडावी म्हणून न झेपणाऱ्या अटींना मान डोलावणारा, हे दोघेही त्याच दिवशी आपल्या पुढच्या दंडाची तरतूद करून ठेवतात. न पटणारी अट बदलून मागण्यात कोणताही उद्धटपणा नाही. सोबत एखादा जाणता माणूस नेण्यासही मुभा आहे.

दोन गोष्टी तर पहिल्या दिवशीच स्पष्ट झाल्या पाहिजेत. मागील नोकरी कशी सुटली, ही पहिली. ती स्वतःहून सोडली असेल तर त्याचे सबळ कारण द्यावे लागते, अन्यथा भत्त्याची सुरुवातच दंडाने होऊ शकते. आपल्याच व्यवसायात काम शोधण्याची सवलत किती काळ मिळेल, ही दुसरी. पूर्वी यासाठी ३ महिन्यांपर्यंत अवधी दिला जाई. २०२२ साली तो ४ आठवड्यांवर आणण्यात आला. एखाद्या शिक्षकाने वा हिशेबनिसाने आपल्या पात्रतेचे काम शोधण्यास चार आठवडे पुरे आहेत, असे मानणाऱ्यांनी स्वतः कधी नोकरी शोधली आहे काय, असा प्रश्न पडतो.

दंडाचे गणितही समजून घेण्यासारखे आहे. पहिल्याच, वचननाम्याच्या भेटीला न गेल्यास अर्जच बंद होऊ शकतो. पुढची एखादी भेट चुकल्यास अर्जदार पुन्हा संपर्क साधीपर्यंतचे दिवस आणि त्यावर पहिल्या वेळी ७ दिवस एवढी कपात होते. वर्षाच्या आत तीच चूक पुन्हा झाल्यास हे ७ दिवस १४ आणि मग २८ होतात. काम शोधण्यात कसूर केल्याचे ठरल्यास पहिल्या वेळी २८ दिवस, तर देऊ केलेले काम नाकारल्यास ९१ दिवस कपात होते आणि पुढील खेपेस ती १८२ दिवसांवर जाते. २०१२ साली ही कमाल मर्यादा ३ वर्षांची करण्यात आली होती. ती २०१९ साली खाली आणली गेली, एवढाच काय तो दिलासा. पंचविशी ओलांडलेल्या एकट्या माणसाला २०२५-२६ या वर्षात दरमहा सुमारे ४०० पौंड मूळ भत्ता होता. कपात होते ती या मूळ रकमेतून, आणि प्रौढ माणसाच्या बाबतीत ती सर्वच्या सर्व होऊ शकते. घरभाड्यासाठी मिळणारा भाग राहतो, पण भाड्याच्या खोलीत बसून माणसाने खावे काय? नव्या अर्जदाराची तर पहिली रक्कमच सुमारे ५ आठवड्यांनी हाती पडते. मध्यंतरी उचल मिळते, पण ती फेडावयाची असते. त्यातच कपात झाली तर तो दुष्काळात तेरावा महिना ठरतो.

शिस्तीसाठी काही बंधन असावे, हे कोणी नाकारणार नाही. भत्ता करदात्यांच्या पैशांतून दिला जातो आणि काम करू शकणाऱ्याने काम शोधावे, ही अपेक्षा रास्त आहे. प्रश्न असा की, या दंडाने तो हेतू साधतो काय? ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१६ साली या पद्धतीची तपासणी केली. २०१० ते २०१५ या काळात बेकारी भत्ता घेणाऱ्यांपैकी सुमारे एकचतुर्थांश लोकांना एकदा तरी दंड झाल्याचे तीत दिसून आले. त्याहून बोलका निष्कर्ष असा की, एकाच भागात, सारख्याच प्रकारच्या बेकारांना साहाय्य करणाऱ्या दोन संस्थांपैकी एक दुसरीच्या दुपटीहून अधिक प्रकरणे दंडासाठी पाठवीत होती. म्हणजे दंड होणे न होणे हे अपराधावर जितके अवलंबून होते, तितकेच मेजापलीकडे कोण बसले आहे यावरही होते. यॉर्क विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली २०१३ ते २०१८ या काळात झालेल्या संशोधनानेही दंडाच्या भीतीने माणसे टिकाऊ रोजगाराकडे वळतात हा समज खोडून काढला. अन्नाची चिंता पडलेला माणूस काम अधिक नेटाने शोधतो, हा सिद्धान्त पोट भरलेल्यांनाच सुचू शकतो.

दंड झालाच तर हात टेकण्याचे कारण नाही. निर्णयाचा पुनर्विचार मागता येतो. तो १ महिन्याच्या आत मागणे उत्तम. तेथेही न्याय न मिळाल्यास स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. येथेही कागदच कामी येतो. पाठविलेल्या अर्जांची नोंद, चुकलेल्या भेटीची आधी दिलेली सूचना, डॉक्टरांचे प्रमाणपत्र यांपैकी काहीही फेकून देऊ नये. पण यातील विषमता उघड आहे. पैसे कापले जातात ते आधी आणि सुनावणी होते ती मागाहून. जो निर्दोष ठरतो त्याला रक्कम परत मिळते, उपाशी काढलेले आठवडे परत मिळत नाहीत.

हा परक्या देशाचा प्रश्न म्हणून महाराष्ट्राला तो सोडून देता येत नाही. एक तर शिक्षणासाठी वा नोकरीसाठी येथून ब्रिटनला जाणाऱ्या तरुणांनी हे ध्यानात ठेवले पाहिजे की, विद्यार्थी किंवा नोकरीच्या व्हिसावर असणाऱ्यांना हा भत्ता सर्वसाधारणपणे मिळत नाही आणि हक्क नसताना तो मागितल्यास व्हिसाच धोक्यात येऊ शकतो. तेथे कायम वास्तव्याचा हक्क मिळविलेल्यांची गोष्ट वेगळी. दुसरे असे की, काम आणि भत्ता यांचे नाते कसे असावे याचा एक निराळा विचार याच राज्याने मांडला होता. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या आणि १९७२ च्या दुष्काळात विस्तारलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले. तिच्यासाठी १९७५ पासून जो व्यवसाय कर घेतला जाऊ लागला, तो शहरातील शिक्षक आणि कारकून यांच्या पगारपत्रकावर आजही दिसतो. या कायद्याने मुदत घातली ती सरकारला. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम न दिल्यास बेकारी भत्ता देणे शासनावर बंधनकारक होते. २००५ च्या राष्ट्रीय कायद्याने हेच तत्त्व उचलले आणि पहिल्या ३० दिवसांसाठी मजुरीच्या किमान एकचतुर्थांश, त्यानंतर किमान निम्मा भत्ता ठरविला. दिलेले काम न स्वीकारणाऱ्याचा भत्ता ३ महिने बंद, ही शिक्षाही त्यात होतीच. परंतु काम देण्याची जबाबदारी आधी आणि शिक्षा नंतर, असा त्याचा क्रम होता.

हा भत्ता प्रत्यक्षात फार क्वचित दिला गेला, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. ब्रिटनमध्ये बेकाराची चूक तत्परतेने मोजली जाते, तर येथे सरकारची चूक मोजलीच गेली नाही. दोन्हीकडे नुकसान सोसले ते मेजाच्या अलीकडे बसलेल्याने. भारतात उद्या बेकारांसाठी व्यापक भत्ता आला तर तो अटींसह येईल, यात शंका नाही. त्या वेळी अटी मान्य होतील अशा असाव्यात, त्या अर्जदाराच्या भाषेत त्याला समजावून सांगितल्या जाव्यात आणि ऐकून घेतल्यावाचून कोणाचा घास काढून घेतला जाऊ नये, एवढा आग्रह आतापासून धरावा लागेल. तोवर, जेथे अशी मुलाखत आहे तेथे जाणाऱ्याने सही करण्यापूर्वी प्रत्येक ओळ वाचावी आणि त्या कागदाची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी.