मेल्यावर माझा भाऊ शुद्ध बोलायला लागला

भाऊ गेला तेव्हा आय तीन महिने धड जेवली नाही. ती ज्या बिल्डिंगीत लादी पुसते, तिथल्या एका बाईनं तिला एका बुवाकडं नेलं. बुवा मेलेल्यांना बोलवतो. पाचशे एक रुपये, नारळ वेगळा. दिवे मालवले, बुवाची मान लटकली आणि माझा भाऊ बोलला, “आई, मी इथं आनंदात आहे. तू काळजी करू नकोस.”

दोस्तांनो, माझा भाऊ जन्मात असं बोलला नाही. तो म्हणायचा, “आये, वाढ लवकर, पाळी चुकंल.” मेल्यावर साल्याला व्याकरण आलं! जी भाषा आमच्या तोंडात कोंबता कोंबता मास्तरांच्या छड्या मोडल्या, ती वर फुकट शिकवतात वाटतं.

मी आयला हे सांगितलं. ती म्हणाली, “तुला नाय पटत तर नको पटू. माझं पोर बोललं.”

मी गप्प झालो. आणि ह्या धंद्याचं बिंग आजवर कुणी कुणी फोडलं ते हुडकायला लागलो.

मेलेल्यांशी बोलण्याचा हा तिकीट लावून चालणारा धंदा अमेरिकेत फोफावला. १८४८ साली न्यूयॉर्क राज्यात हाइड्सव्हिल गावी फॉक्स घरातल्या दोन पोरी भुताला प्रश्न विचारायच्या, ठकठक उत्तर यायचं. थोरल्या बहिणीनं त्यांचे खेळ लावले. चाळीस वर्षांनी, २१ ऑक्टोबर १८८८ रोजी, त्यांतली मॅगी न्यूयॉर्कमध्ये भर स्टेजवर उभी राहिली आणि ती ठकठक पायाच्या अंगठ्याचा सांधा मोडून काढत होतो, हे करून दाखवलं. संपला धंदा? छट्! पुढच्याच वर्षी तिनं कबुली मागं घेतली. पुढं दोघी बहिणी दारिद्र्यात मेल्या. धंदा मात्र जगला.

दुसरे डेव्हनपोर्ट बंधू. कपाटात बसून हातपाय दोरानं बांधून घ्यायचे. दार लागलं की आतून वाद्यं वाजायची. १८६५ साली लिव्हरपूलला, म्हणजे आमच्यासारख्याच गोदीच्या शहरात, प्रेक्षकांतल्या दोघांनी अशी गाठ मारली की भावांनी आवळतंय म्हणून बोंब मारली आणि खेळ बंद केला. चिडलेल्या लोकांनी कपाट फोडलं. मी गोदीत रोज दोर आवळतो. बांधून घेताना अंग फुगवलं, मनगट तिरकं धरलं की दोरात ढील राहते, हे मला पुस्तकानं शिकवायला नको.

त्याच वर्षी चेल्टनहॅममध्ये मास्कलिन नावाच्या, घड्याळाचं काम शिकलेल्या तरुणानं त्यांची हातचलाखी हेरली. एका सुतार दोस्ताला घेऊन तसंच कपाट बांधलं आणि भुताशिवाय तोच खेळ करून दाखवला. आणि विद्वान? थॅलियम शोधणारा विल्यम क्रुक्स १८७४ साली फ्लोरेन्स कुक नावाच्या पोरीच्या भुताची ग्वाही देऊन मोकळा झाला. शेरलॉक होम्सच्या डोक्यात एवढी अक्कल भरणारा कॉनन डॉयल तर गावोगाव भुतांची व्याख्यानं देत हिंडला. घट्टे पडलेल्या हातांनी पकडलं, पदव्या लावलेली डोकी फसली. आम्हाला अडाणी म्हणणाऱ्यांनी हे लिहून ठेवावं.

आता हुडिनी. टाय कापायच्या कारखान्यात राबलेला गरीब ज्यू पोरगा, पुढं जगातला बडा जादूगार. त्याची आई १९१३ साली वारली. १९२२ साली डॉयलच्या बायकोनं अंगात आणून त्या आईचा संदेश कागदावर उतरवला. वर क्रूस काढलेला, मजकूर इंग्रजीत. धर्मगुरूची ज्यू बायको क्रूस काढील? आणि तिला इंग्रजी धड येत नव्हतं! हे वाचलं आणि माझा भाऊ आठवला. मालकांची भुतं जगभर मालकांचीच भाषा बोलतात.

मग हुडिनी मागं लागला. १९२४ साली बोस्टनला मार्जरी नावाची बाई एका मासिकाच्या २५०० डॉलरच्या बक्षिसाला टेकली होती. अंधारात घंटी वाजवायला तिचा पाय कसा सरकतो, ते यानं आपल्या पायाला पाय लावून ताडलं. तरुणपणी पोटासाठी आपणही असले खेळ केले, हेही त्यानं लिहून टाकलं. त्याची ही कबुली मला सगळ्यांत मोठी वाटते.

आपल्याकडं ह्या कामाची किंमत रक्तानं मोजली गेली. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले, त्याचा वटहुकूम त्याच महिन्यात निघाला, डिसेंबरात कायदा झाला. माणूस मेल्याशिवाय सरकारला जाग येत नाही.

कायदा पाहिजेच. पण आपल्यातली काही पोरं बावीस प्रतिज्ञा घडाघडा म्हणतात आणि बुवाकडं जाणाऱ्या म्हातारीला फिदीफिदी हसतात. मीही हसलो होतो. अरे, ती दुःख घेऊन गेली होती. दुःखाला आपण काय दिलं? दीघ निकायातल्या केवट्ट सुत्तात लोकांना चमत्कार दाखवून वळवा अशी विनवणी बुद्धाला होते. बुद्ध नकार देतो. माणसाला दिपवून नाही, शिकवून जागं करायचं. मग बिंग फोडतानाही आपण स्टेजवरचे नवे बुवा कशाला व्हायचं? मॅगीनं स्टेजवरून सांगितलं, लोकांनी ऐकून सोडून दिलं. फसलेल्याच्या हातात प्रश्न दिला पाहिजे.

मी आयशी भांडणं सोडलं. रात्री पाळीवरून आलो की आम्ही भावाच्या गोष्टी काढायचो. तो कसा शिव्या द्यायचा, कसा बोंबील चोरून खायचा. एकदा एवढंच म्हणालो, “पुन्हा गेलीस तर त्याला विचार, तू मला काय म्हणून हाक मारायचास?”

ती गेली. विचारलं. बुवाच्या तोंडून भूत म्हणालं, “आई.”

आय उठली. नारळ परत मागितला. घरी येऊन फोडला आणि मला म्हणाली, “वाढते, बस. पाळी चुकंल.”

जय भीम!