शाळेचे मैदान सकाळ-संध्याकाळ गावासाठी खुले करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे ग्रामस्थ, बचत गटांच्या महिला आणि भरतीची तयारी करणारी मुले-मुली आपणांस निवेदन करतो की,

आरोग्य उपकेंद्रात तिशीपुढच्या माणसांचा रक्तदाब आणि साखर तपासतात. गोळ्या मिळतात, सोबत सल्लाही मिळतो : रोज अर्धा तास चाला. पण चालायचे कुठे? गावात सपाट रस्ता एकच, तो राज्यमार्ग. हंगामात त्यावरून रात्रंदिवस उसाच्या ट्रॉल्या धावतात. पोलीस भरतीचे मुलांचे १६०० आणि मुलींचे ८०० मीटर पहाटेच्या अंधारात याच रस्त्याच्या कडेने मोजले जातात.

शेतात राबणाऱ्याला व्यायाम कशाला, असे कालपर्यंत आम्हीही म्हणत होतो. आता नांगरट ट्रॅक्टर करतो, रानात आम्ही मोटारसायकलने जातो. राबतात त्या बायका, तेही दिवसभर वाकून खुरपत. त्यांना पाठ सरळ करून मोकळे चालायला, जमल्यास खो-खोचे चार डाव खेळायला जागा हवी.

ती जागा गावात आहे. शाळा सुटली की मैदानाला कुलूप लागते. मोडतोड होईल, बाटल्या पडतील ही गुरुजींची भीती खोटी नाही. बाटल्या आम्हीच वेचल्या आहेत. म्हणून नुसते कुलूप काढा, असे आमचे म्हणणे नाही. शाळा व्यवस्थापन समिती, ग्रामपंचायत आणि तरुण मंडळ यांच्यात लेखी करार करण्यास आपण मंजुरी द्यावी. पहाटे ५ ते ७ आणि संध्याकाळी ६ ते ८ किल्ली ग्रामपंचायतीच्या शिपायाकडे राहील. संध्याकाळचा पहिला तास फक्त महिलांचा. झाडलोट मंडळ करील, दिव्यांचे वीजबिल दूध संस्था भरेल. आरोग्य सेविका व आशाताईंनी आठवड्यातून एकदा मैदानावरच तपासणी करावी, असे आदेश व्हावेत.

लोखंडी व्यायामसाधने मात्र कृपया देऊ नयेत. देवळामागे बसवलेल्या साधनांवर सध्या गोधड्या वाळतात. त्याऐवजी मुरूम टाकून रोलर फिरवावा, दोन दिवे आणि महिलांसाठी एक स्वच्छतागृह द्यावे.

मोहीसारख्या खेड्यातल्या ललिता बाबर २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या, याचा अभिमान आहेच. आमची मागणी पदकाची नाही. साठीतल्या माणसाला देवळाच्या पायऱ्या न थांबता चढता याव्यात, एवढीच आहे.

उसाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी लेखी परवानगी मिळावी, ही विनंती. ग्रामसभेच्या ठरावाची प्रत सोबत जोडली आहे.

आपले विश्वासू,
समस्त ग्रामस्थ