वार्षिक दानसंकल्प आणि हिशेबाची वही

वर्षाच्या आरंभी प्रत्येक कुटुंबाने आपल्या धर्मग्रामाला यंदा अमुक इतके देऊ असे लिहून द्यावे आणि ती रक्कम वर्षभरात हप्त्याहप्त्याने पुरी करावी, ही पद्धत अमेरिकेतील कॅथलिक धर्मग्रामांत चांगलीच रुळलेली आहे. आपल्याकडे तिचा विषय निघाला की सभेत दोन तट पडतात. एका बाजूचे म्हणतात, ‘हा तर चर्चचा कर झाला.’ दुसऱ्या बाजूचे विचारतात, ‘मग चर्च चालणार तरी कसे?’ आमच्या मते दोन्ही बाजू रकमेवर अडून बसल्या आहेत. वार्षिक संकल्पाने सर्वांत मोठा बदल होतो तो देणारा आणि घेणारा यांच्यातील नात्यात, आणि त्याबद्दल फार थोडे बोलले जाते.

सध्याचे चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. सणाच्या रोषणाईला, बँडला, मंडपाला देणगीदार सहज मिळतात. नव्या वेदीला किंवा मूर्तीला तर नावाच्या पाटीसह मिळतात. परंतु विजेचे बिल, पावसाळ्यापूर्वीची छपराची डागडुजी, देवालय झाडणाऱ्या सेवकाचे वेतन, धर्मशिक्षणाची पुस्तके यांसाठी कोणी आपले नाव कोरून घेत नाही. तो सगळा भार रविवारच्या कलेक्शनवर आणि अधूनमधून काढलेल्या लॉटरीवर पडतो. दर रविवारी वीस रुपये टाकणारे कुटुंब वर्षाला १,०४० रुपये देते. तेच कुटुंब एखाद्या लग्नाच्या अहेरात याहून अधिक देते, आणि त्यात त्याला काही वावगे वाटत नाही. हा कंजूषपणा नव्हे. आपण कशासाठी देतो हे समोर दिसत असले की माणसाचा हात सैल सुटतो, इतकेच.

केवळ कलेक्शनवर विसंबणे किती धोक्याचे आहे, हे कोरोनाच्या काळात उघड झाले. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे बंद झाली. ती १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी परत खुली झाली. या काळात मिस्सा घराघरांत पडद्यावर पोहोचली, पण कलेक्शनची थैली तिच्याबरोबर पोहोचू शकली नाही. देणारे तेच होते, त्यांची श्रद्धाही तीच होती. मात्र देण्याची सवय मिस्साच्या मध्यभागी फिरणाऱ्या थैलीशी बांधलेली होती. वर्षाचा संकल्प असता, तर दार बंद असूनही देणे चालू राहण्यास काही आधार राहिला असता.

दुसरा बदल कायद्याचा आहे. परदेशी देणग्यांविषयीच्या २०१० च्या कायद्यात सप्टेंबर २०२० मध्ये दुरुस्ती झाली. परदेशातून आलेली देणगी एका संस्थेने दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास मनाई झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. अशी रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेतच जमा करणे बंधनकारक झाले. डिसेंबर २०२१ मध्ये मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या नोंदणीचे नूतनीकरण नाकारले गेले आणि जानेवारी २०२२ मध्ये ती पुन्हा बहाल झाली. मदर तेरेसांच्या संस्थेलाही हे चुकले नाही, यावरून काय ते समजावे. वसईच्या किनारपट्टीवरील धर्मग्रामांचा दैनंदिन खर्च सहसा परदेशी पैशावर अवलंबून नसतो. पण आदिवासी भागातील शाळा, वसतिगृहे व दवाखाने यांना बाहेरून मिळणारा हात आखडला, तर तो भार उचलायला जवळ कोण आहे? तसे पाहता परका आधार तुटण्याचा अनुभव वसईला नवा नाही. पोर्तुगीज अमलात चर्चच्या देखभालीची जबाबदारी राजाने पत्करली होती. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या सैन्याने वसईचा किल्ला घेतला आणि ती व्यवस्था संपली, पण धर्मग्राम संपले नाहीत.

वार्षिक दानसंकल्प ही पाश्चात्त्यांची नवी टूम आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी करिंथकरांस लिहिलेले दुसरे पत्र, आठवा व नववा अध्याय, सावकाश वाचावेत. यरुशलेममधील गरीब बंधूंसाठी वर्गणी देण्याची तयारी करिंथच्या मंडळीने आदल्या वर्षीच दाखवली होती. पुढे ते काम रेंगाळले, आणि संत पौल त्यांना त्याची आठवण करून देतो. तो सक्ती करीत नाही. प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे, कुरकुरत वा दबावाखाली देऊ नये, ज्याच्याजवळ जे आहे त्या मानाने द्यावे, असे तो सांगतो. एवढा भाग आपल्या प्रवचनांत नेहमी येतो. त्याच अध्यायातील दुसरी गोष्ट मात्र क्वचितच ऐकू येते. ही रक्कम पौल एकटा नेत नाही. मंडळ्यांनी निवडून दिलेला एक बंधू तो सोबत घेतो. एवढ्या मोठ्या दानाच्या बाबतीत कोणी बोट दाखवू नये, देवासमोर आणि माणसांसमोरही व्यवहार स्वच्छ दिसावा, हे कारण तो स्वतःच देतो. प्रेषिताला जर हिशेबासाठी साक्षीदार लागला, तर आमच्या धर्मग्रामांना तो का नको?

ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कॅनन संहितेतही या दोन्ही बाजू आहेत. कलम २२२ नुसार ख्रिस्तसभेच्या गरजा भागवण्यास साह्य करणे हे श्रद्धावंतांचे कर्तव्य आहे. कलम ५३७ प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे असे सांगते. श्रद्धावंतांनी अर्पण केलेल्या संपत्तीचा हिशेब त्यांना स्थानिक नियमांनुसार द्यावा, असे कलम १२८७ म्हणते. ज्या कारणासाठी दान दिले त्याच कारणासाठी ते वापरले जावे, हे कलम १२६७ मध्ये आहे. पहिले कलम भाविकांना ऐकवायचे आणि बाकीची कपाटात ठेवायची, असे चालणार नाही. शिवाय महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त संस्थांचे तपासलेले हिशेब दरवर्षी धर्मादाय आयुक्तांकडे सादर करावेच लागतात. जे कागद सरकारी कचेरीत जातात, त्यांचा सारांश देवालयाच्या फलकावर लावण्यात संकोच कसला?

कराची भीती बाळगणाऱ्यांचे म्हणणेही आम्ही हसण्यावारी नेत नाही. जर्मनीत चर्च-कर खराच आहे. प्राप्तिकराच्या रकमेवर ८ किंवा ९ टक्के आकारणी होते आणि ती सरकार गोळा करते. ती चुकवायची तर सरकारदरबारी ख्रिस्तसभा सोडल्याची नोंद करावी लागते. २०२२ या एकाच वर्षी तेथील पाच लाखांहून अधिक कॅथलिकांनी अशी नोंद केली. त्यामागे केवळ कर नव्हता. लैंगिक अत्याचारांच्या प्रकरणांनी उडालेला विश्वास हे मोठे कारण होते. परंतु देणे आणि सभासदत्व एका दोरीने बांधले, की विश्वास उडताच दोन्ही एकदम सुटतात, हे तेथे दिसले. याउलट अमेरिकेतील विचिटा धर्मप्रांतात भाविकांच्या स्वेच्छेच्या संकल्पांवर कॅथलिक शाळा चालतात आणि धर्मग्रामात सक्रिय असलेल्या कुटुंबांच्या मुलांना फी पडत नाही. आपल्या शाळांचे अर्थकारण वेगळे आहे, त्यामुळे तो नमुना जसाच्या तसा येथे लागू पडणार नाही. मात्र दिलेल्या पैशाचे काय झाले हे तेथील आईबापांना रोज सकाळी दिसते.

आपल्याकडे संकल्पपत्र छापताना एक चूक हमखास होईल, ती म्हणजे बारा महिन्यांचे बारा चौकोन. नोकरदाराला ते सोयीचे आहेत, पण कोळीवाड्याला नाहीत. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि नेमके याच काळात शाळेची फी, वह्यापुस्तके, होडीची आणि जाळ्यांची दुरुस्ती हे खर्च उभे राहतात. पाचूबंदरच्या कुटुंबाला जूनचा हप्ता मागणे म्हणजे त्याला कर्ज काढायला लावणे होय. वाडीवाल्याचे उत्पन्नही हंगामाचे. जुन्या करारातील प्रथमफळाच्या अर्पणाला पिकाचे वेळापत्रक होते, हे येथे आठवावे. पैशाऐवजी श्रम देणाऱ्यालाही पत्रात जागा हवी. सुतार, वायरमन, हिशेबनीस यांचे चार दिवस धर्मग्रामाला मोठ्या रकमेइतकेच मोलाचे आहेत.

संकल्पाचा आकडा धर्मगुरू आणि अर्थसमितीतील एखादी व्यक्ती यांच्यापुरताच राहावा. वाड्यावाड्याची यादी फलकावर लावली, की तिसऱ्या घरच्या विधवेला मान खाली घालावी लागेल. नोकरी गेली, आजारपण आले, तर आकडा कमी करण्यासाठी एक चिठ्ठी पुरेशी असावी, कारण विचारू नये. बाप्तिस्मा, लग्न वा अंत्यविधीच्या वेळी संकल्पाची वही कोणी उघडू नये. गरिबीमुळे कोणाला संस्कारांपासून वंचित ठेवू नये असे कॅनन संहितेचे ८४८ वे कलम बजावते. आणखी एक व्यवहाराची बाब अशी की, केवळ एका धर्मसमाजासाठी असलेल्या ट्रस्टला दिलेल्या देणगीवर प्राप्तिकरात सर्वसाधारणपणे सवलत मिळत नाही. हे आधीच स्पष्ट सांगितले, तर मार्चअखेरीस पावती घेऊन येणाऱ्यांचा हिरमोड होणार नाही.

राहता राहिला क्रमाचा प्रश्न. आम्ही सुचवू की संकल्पपत्रे वाटण्यापूर्वीच्या एका रविवारी अर्थसमितीच्या प्रापंचिक सभासदाने मिस्सानंतर गतवर्षाचा जमाखर्च दहा मिनिटांत वाचून दाखवावा, पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक मांडावे आणि उभे राहून प्रश्न घ्यावेत. पत्रे त्यानंतरच्या रविवारी वाटावीत. मधला आठवडा कुटुंबांना घरी बसून ठरवण्यासाठी मोकळा राहील.